रीटेक न लागलेलं वाक्य

माझा आवाज चांगला आहे, हे मला लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर कळलं. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचा घसा ऐनवेळी बसला आणि पालकांमधून कुणीतरी मला पुढे ढकललं. माझं माहेर सटाण्याकडचं. तिथे सगळेच मोठ्यानं आणि मोकळं बोलतात. नाशिकला कॉलेजात आल्यावर मुली हसायच्या म्हणून मी माझी बोली घासूनपुसून काढली होती आणि त्या नादात बोलायचंच कमी केलं होतं. त्या दिवशी माईकमधून जो आवाज बाहेर आला, तो माझाच आहे यावर माझा विश्वास बसेना. मग सोसायटीचा गणपती, शाळांचे कार्यक्रम, कुणाच्या एकसष्टीचा सोहळा, अशी कामं मिळत गेली. इंदिरानगरात मला लोक चेहऱ्यापेक्षा आवाजावरून जास्त ओळखू लागले. त्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

अशाच एका कार्यक्रमानंतर एक तरुण भेटायला आला. इंजिनीअर होता, पुण्यातली नोकरी सोडून नाशिकला परत आलेला.

"मॅडम, आम्ही घरात ठेवायचं एक यंत्र बनवतोय," तो म्हणाला. "त्याला तोंडानं सांगितलं की दिवा लागेल, गीझर बंद होईल, भजन लागेल, हवामान सांगेल. मोठ्या कंपन्यांची यंत्रं आहेत बाजारात, पण त्यांचं मराठी ऐकलंय तुम्ही? बँकेची नोटीस वाचल्यासारखं. आम्हाला घरातलं कुणीतरी बोलतंय असं वाटायला हवंय. तुमचा आवाज द्याल का?"

मी हो म्हणाले. घरी विचारलं, तर आमचे हेही म्हणाले, "जा की, चांगलं आहे."

रेकॉर्डिंग कॉलेज रोडवरच्या एका इमारतीच्या तळघरात चालायचं. थंडीचे दिवस होते. आवाज नको म्हणून पंखा, एसी सगळं बंद. बाहेर घंटागाडी आली की तिचं गाणं तळघरातही झिरपायचं आणि आम्ही सगळे हात बांधून ती गल्लीतून जायची वाट बघायचो. काचेपलीकडे हेडफोन लावलेले रेकॉर्डिस्ट, त्यांच्या शेजारी तो तरुण आणि वाक्यं लिहिणारी एक मुलगी. "आज ढगाळ वातावरण राहील." "तूरडाळ यादीत टाकली." "गीझर थोड्या वेळात बंद करते." अशी वाक्यं मी दिवसच्या दिवस वाचली. नंतर संगणक त्यांचे तुकडे करणार आणि जोडून नवी वाक्यं तयार करणार, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. मी आयुष्यात कधी न उच्चारलेली वाक्यं माझ्या आवाजात कुणीतरी बोलणार, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

यंत्राला काही कळलं नाही तर ते माफी मागणार होतं. त्या मुलीनं लिहिलं होतं, "क्षमा करा, मला समजलं नाही." तो तरुण म्हणाला, "हे पुन्हा बँकेसारखं झालं. मॅडम, घरात काय म्हणतात?"

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "असं म्हणतात घरात."

"वा! म्हणा बघू."

मी म्हणाले. मग वेगवेगळ्या सुरांत म्हणाले, कधी हलकं, कधी जरा काळजीनं, कधी लाडात. "चुकलंच माझं. पुन्हा सांगता का?" बाकीच्या वाक्यांना मला दोन-दोन, तीन-तीन रीटेक लागायचे. इथे एकही लागला नाही. रेकॉर्डिस्टनी हेडफोन काढून सांगितलं, "मॅडम, हे तुमचं बेस्ट आहे." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मी ते ह्यांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

आणखी एक गोष्ट माझीच. यंत्राला हाक मारून जागं करायचं, तर ती हाक काय असावी, यावर त्यांची बरीच खलबतं चालली होती. देवीचं नाव नको, मुलीचं नाव नको, त्या नावाची बाई घरात असेल तर घोटाळा. त्या मुलीनं मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे कसं बोलावतात?"

"आमचे हे मला नावानं हाक मारत नाहीत," मी म्हणाले. "ऐकलंस का, म्हणतात."

तो तरुण उठून उभाच राहिला. तीच हाक ठरली.

यंत्र तयार झालं तेव्हा कंपनीनं पहिल्यातलं एक आम्हाला भेट दिलं. लोणच्याच्या बरणीएवढं, पांढरं, वाटोळं. ह्यांनी ते टीव्हीशेजारी ठेवलं आणि जॉगिंग ट्रॅकवरच्या मित्रांना चहाला बोलावलं. हे अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते, नुकतेच निवृत्त झाले होते. दिवसभर मशीनच्या धडधडीत वरच्या पट्टीत बोलायची सवय, ती घरीही तशीच राहिलेली. ह्यांच्याबद्दल गैरसमज नको, म्हणून सांगते. कधी माझ्यावर हात उचलला नाही. माझ्या कार्यक्रमांना कधी नाही म्हटलं नाही. उशीर झाला तर स्कूटर घेऊन न्यायला यायचे आणि शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकायचे.

"ऐकलंस का," हे सगळ्यांसमोर म्हणाले, "पंखा लाव."

"हो, लावते," माझा आवाज म्हणाला आणि पंखा फिरायला लागला.

"अरे, वहिनी आतही आणि वहिनी इथेही!" एक जण म्हणाले.

"पण ही बरी," हे म्हणाले. "लगेच ऐकते. उलट उत्तर नाही, तोंड वाकडं नाही."

हॉलभर हशा झाला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ट्रे टेबलावर ठेवताना कपांचा आवाज झाला, तेवढाच काय तो माझा आवाज.

सुरुवातीला गंमतच व्हायची. ह्यांनी "ऐकलंस का" म्हटलं की मी कणीक मळता मळता "हो, आले" म्हणायची आणि हॉलमधून तीही "हो, बोला ना" म्हणायची. शेजारच्या वहिनी आल्या की पोट धरून हसायच्या. हळूहळू मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. मला बोलवायचं असलं की हे थोडं थांबून स्वयंपाकघराकडे तोंड करून पुन्हा ओरडायचे, "अगं, तुला!"

तिला ह्यांचं बोलणं धड कळायचं नाही. ह्यांना अर्धं वाक्य गिळायची सवय. "अगं, ते लाव ते," म्हटलं तर यंत्राला काय कळणार? मला कळायचं. "ते" म्हणजे सकाळी भक्तिगीतं, दुपारी बातम्या आणि संध्याकाळी मच्छरांची कॉईल, हे मी इतकी वर्षं न चुकता ओळखत आले होते. तिला ते येत नव्हतं. मग हे चिडायचे.

"बहिरी आहेस का?"

"चुकलंच माझं. पुन्हा सांगता का?"

"डोकं आहे का खोकं?"

"चुकलंच माझं. पुन्हा सांगता का?"

"एक काम धड येत नाही हिला."

ही वाक्यं माझ्या ओळखीची होती. पण ह्यांच्यासमोर उभी असताना ती मला कधी नीट ऐकूच आली नव्हती. तेव्हा माझं सगळं लक्ष चुकलेलं आधी सावरण्यात असायचं. चहात साखर जास्त पडली असेल तर दुसरा चहा, किल्ली सापडत नसेल तर किल्ली. आता मी पोळी लाटत स्वयंपाकघरात होते आणि हॉलमध्ये कुणीतरी एका बाईवर ओरडत होतं, ती बाई माझ्या आवाजात माफी मागत होती, आणि तेही इतक्या गोड! ऐकून माझे कान तापायचे. शरम वाटायची ती त्या गोडपणाची. त्या आवाजाला राग येतच नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. ओरडा खाऊन पुन्हा तयार.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. ती तिथे नोकरी करते. आल्या आल्या तिनं यंत्राशी थोडा खेळ केला, मैत्रिणींना व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चकल्या तळत होते, ती आतल्या खोलीत पडली होती, हे हॉलमध्ये होते. काही वेळानं ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मघाशी तू बोलत होतीस की ती?"

"कधी?"

"आत्ता. बाबा ओरडले ना, बहिरी आहेस का म्हणून. मग 'चुकलंच माझं' म्हणालं कुणीतरी. तू की ती?"

"ती," मी म्हणाले. "मी तर इथे आहे."

तिनं ताटलीतली गरम चकली उचलली, तिचे तुकडे करत बसली. मग म्हणाली, "मला कळलंच नाही. पडल्या पडल्या एकदम लहानपणासारखं वाटलं. मी अभ्यासाला बसायचे ना, भिंतीपलीकडून असंच ऐकू यायचं. म्हणून मग मी मोठमोठ्यानं पाढे म्हणायचे."

कढईतली चकली जळली. आमच्या मुलीला पाठांतराची केवढी आवड, सांगावं लागत नाही, आपली आपण पाढे म्हणत बसते, असं मी बाईंना, शेजाऱ्यांना, माहेरी, सगळीकडे सांगत असे. आणि ती भिंतीच्या त्या बाजूला आमचा आवाज बुडवत बसलेली होती.

"बोलली नाहीस कधी," मी म्हणाले.

"काय बोलणार?" ती म्हणाली. "तू तर हसून बाहेर यायचीस."

दिवाळी संपल्यावर ती गेली. जाताना म्हणाली, "ते बंद करून टाक ना गं." मी हो म्हणाले आणि बंद केलं नाही. ह्यांना ते आवडायचं, आणि बंद का करतेस म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते?

त्यानंतर एकदा मिक्सरच्या भांड्याचं रबर घ्यायला द्वारका चौकात गेले होते. तिथल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात ते यंत्र विकायला ठेवलेलं होतं. आपला आवाज दुकानात ऐकायला मिळेल म्हणून मी जरा खुशीतच आत शिरले. काउंटरपाशी कॉलेजातली चार-पाच पोरं उभी होती. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात होता. पोरं यंत्राला हाक मारून घाण घाण बोलत होती. एकानं विचारलं, तू येतेस का. दुसऱ्यानं एक शिवी दिली. त्या शब्दांतलं यंत्राला काय कळणार?

"चुकलंच माझं. पुन्हा सांगता का?"

पोरं खिदळली आणि पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तेच म्हणाली, तितक्याच लाडानं. तो लाडाचा सूर मीच लावला होता, काचेपलीकडची माणसं खूश व्हावीत म्हणून.

मला ओरडायचं होतं. पण मी तोंड उघडलं असतं तर आवाज ओळखला गेला असता. ही तीच बाई, असं त्या पोरांना कळणं मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी उन्हासाठी बांधलेला स्कार्फ आणखी वर ओढला. दुकानदार माझ्याकडे वळला तेव्हा मी नुसतं भांडं पुढे केलं आणि रबराच्या जागेवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, बाई मुकी आहे. तो एकदम मऊ झाला, मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. रबर स्वतः बसवून दिलं. मी मान हलवून आभार मानले. ज्या आवाजानं मला नाव दिलं, त्याच आवाजाला लपवत मी द्वारकेच्या त्या गर्दीतून बाहेर पडले आणि समोर आलेल्या पहिल्या रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. ते सगळं मी त्या तरुणाला सांगितलं, म्हणजे दुकानातलं सांगितलं. घरातलं सांगितलं नाही.

"मॅडम, ते यंत्र आहे," तो म्हणाला. "लोक टीव्हीलाही शिव्या देतात."

"टीव्ही माफी मागत नाही," मी म्हणाले.

वाक्यं लिहिणारी मुलगी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "ताई बरोबर बोलतायत. लोक यंत्राला काय बोलतात ते आम्हाला इथे दिसतं. कुणाच्या घरचं ते कळत नाही, पण शब्द दिसतात. पहिल्यांदा आम्ही हसायचो. नंतर मी वाचायचंच सोडलं."

"मग काय म्हणायला लावायचं तिला?" तरुणानं विचारलं. त्यात चेष्टा नव्हती, तो खरंच विचारत होता. "गिऱ्हाइकाला उलट बोलून कसं चालेल? मॅडम, तुम्ही सांगा. 'चुकलंच माझं' तुम्हीच दिलं होतंत. कुणी असं बोललं तर घरात बाई काय म्हणते?"

मला खरोखरच माहीत नव्हतं. सूत्रसंचालनात मला कधी शब्द शोधावा लागला नाही. पाहुणे उशिरा आले, लाइट गेले, तरी मी दहा-पंधरा मिनिटं सहज बोलत राहायची. आणि ह्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

शेवटी त्या मुलीनंच प्रश्न सोडवला. "माझी आई सुरगाण्याची आहे," ती म्हणाली. "बाप ओरडला की ती हातातलं काम तिथंच ठेवते, बाहेर ओट्यावर जाऊन बसते. तो गप्प झाला की आत येते. एक शब्द बोलत नाही. पण यंत्र उठून बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून त्याला बोलायला लावू. साधंच. 'असं बोलू नका.' एवढं म्हणेल आणि पुढे गप्प बसेल. कुठल्या शब्दांना म्हणायचं, त्याची यादी मी देते."

चार शब्दसुद्धा नाहीत. पुन्हा त्या तळघरात गेलो. मी म्हणाले, "असं बोलू नका."

"मॅडम, विनवणी होतेय," रेकॉर्डिस्ट म्हणाले.

पुन्हा म्हणाले. "आता रडवेलं होतंय."

पुन्हा. "आता भांडण काढल्यासारखं."

दर वेळी काहीतरी वेगळंच निघत होतं. एकदा तर आवाज इतका चिरका निघाला की काचेपलीकडच्या तिघांनी एकदम मान खाली घातली. माझ्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं झालंय हे दिसत होतं आणि त्यानं माझी जीभ आणखीच अडखळत होती. दुपार सरत आली. मला भूक लागली होती, पाय दुखत होते. कुणी दारात गाडी लावली तर आपण जसं "इथे लावू नका" म्हणतो, तसं मी शेवटी कंटाळून म्हणून टाकलं. रेकॉर्डिस्टनी हात वर केला. तेच घेतलं.

काही दिवसांनी ते आपोआप सगळ्या यंत्रांत गेलं. घरी मी कुणाला बोलले नव्हते. दुपारची वेळ होती, हे क्रिकेटचा स्कोअर विचारत होते, ती हवामान सांगत होती.

"बहिरी आहेस का?" हे ओरडले.

"असं बोलू नका."

मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. पानं हातातच राहिली. मग ह्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खाली. "काय म्हणालीस?"

ते यंत्राशी बोलत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं. त्यांना वाटलं, मीच बोलले.

"मी कुठे काय म्हणाले?" मी घाईघाईनं म्हणाले. "ती म्हणाली."

"आवाज तुझाच होता."

"कंपनीनं घातलंय ते. त्यांनी लिहून दिलं, मी वाचलं. मला काय माहीत कशासाठी."

इतक्या सहज, एकही रीटेक न घेता मी खोटं बोलले. ह्यांनी मान हलवली आणि टीव्ही लावला. मी पुन्हा मेथी निवडायला लागले, पण देठ भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकतेय हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं. जे म्हणायला मला अख्खी दुपार लागली होती, ते माझ्या घरात म्हटलं गेलं, आणि मी लगेच अंग झटकलं.

ते वाक्य मात्र हे विसरले नाहीत. यंत्र बिघडलंय, तक्रार करतो, असं म्हणत त्यांनी मोबाइलमधलं त्याचं ॲप उघडलं. यंत्राशी आपण जे जे बोलतो ते त्या ॲपमध्ये साठून राहतं आणि परत ऐकता येतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हॉलमधून ह्यांचा आवाज आला, पण बारीक, डबीतून आल्यासारखा.

"बहिरी आहेस का?"

थोडं थांबून, "डोकं आहे का खोकं?" मग, "एक काम धड येत नाही." मग पुन्हा पहिलंच. ते एकामागून एक लावून ऐकत होते. तक्रारीसाठी यंत्राची चूक शोधत असणार, पण साठवणीत यंत्राचा आवाज नव्हता, फक्त ह्यांचा होता. मध्ये त्यांनी मोबाइलचा आवाज कमी केला. तरी ऐकू येत होतं, कारण बोलणंच वरच्या पट्टीतलं.

मी ओली चादर हातात घेऊन तशीच उभी राहिले. काही वेळानं ते हाक न मारता स्वतःच गॅलरीच्या दारात आले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे पुसता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"कसं?"

आम्ही सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो. मी त्यांना कुठे दाबायचं ते दाखवलं. ॲपनं विचारलं, सगळं काढून टाकायचं का. त्यांचं बोट वरच्या वर थांबलं.

"तू ऐकलंस मघाशी?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"हो."

"सगळं?"

"मला पाठच आहे ते," मी म्हणाले.

मला टोमणा मारायचा नव्हता. निघून गेलं. गॅदरिंगमध्ये एखाद्या मुलाचं नाव चुकीचं घेतल्यावर त्याचे आईवडील जसे बघतात, तसे ते बघत राहिले. मग मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू पूस." मी पुसलं. मला त्यांची दया आली, आणि कुणाची काय दया करतेय मी, म्हणून त्या दयेचीही लाज वाटली. त्यांनी यंत्राची वायर काढली, गुंडाळली आणि ते खोक्यात घालून माळ्यावर ठेवलं. माफी वगैरे मागितली नाही. मीही अपेक्षा केली नव्हती.

त्यानंतर सगळं बदललं असं सांगितलं तर ते खोटं होईल. ह्यांचा आवाज अजून चढतो. पण आता कधी कधी वाक्याच्या मध्येच तुटतो, आणि मग ते उरलेलं वाक्य गिळून आपलं आपण चष्मा शोधायला जातात. तेव्हा मी कुठल्यातरी कामात असल्याचं दाखवते. दोघंही एकमेकांकडे बघत नाही. मुलीनं फोनवर विचारलं, हल्ली यंत्र ऐकू येत नाही, कुठं गेलं. मी म्हणाले, बिघडलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि पुढे विचारलं नाही.

मध्यंतरी कंपनीतल्या त्या तरुणाचा फोन आला. नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, तब्येत विचारली आणि मग म्हणाला, "मॅडम, ते 'असं बोलू नका' काढावं लागलं. दुकानदारांच्या फार तक्रारी आल्या. यंत्र उर्मट आहे म्हणतात. तुमचं जुनंच परत घातलंय."

"बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

जेवताना मी ते ह्यांना सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. सांगण्यासारखं दुसरं माणूस नव्हतं. त्यांनी घास हातात धरून ऐकलं.

"म्हणजे परत 'चुकलंच माझं'?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळीकडे?"

"जिथे जिथे यंत्र आहे तिथे."

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले. "मी बोलू का त्या पोराशी?" ते म्हणाले. "दम देतो चांगला."

"नको," मी म्हणाले. "मी बोलते."

जेवण झाल्यावर मी फोन लावला. ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्रं नुसती हलत राहिली. मी "सॉरी हं, परत त्रास देतेय" अशीच सुरुवात केली, जीभ आपोआप तिकडेच वळली. पण पुढे सांगितलं, की ते वाक्य माझ्या आवाजात राहायला नको, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, नाहीतर त्या जागी काहीच ठेवू नका. आवाज कापत होता. कार्यक्रमात असा कापला असता तर मला परत कुणी बोलावलं नसतं. तो तरुण म्हणाला, "बघतो मॅडम, माझ्या एकट्याच्या हातात नाही." त्याचं काय झालं, मला अजून माहीत नाही.

मी फोन खाली ठेवला. ह्यांनी रिमोट हातात घेतला, पण आवाज लावला नाही.

"बरं बोललीस," ते म्हणाले.

आणि त्या दोन शब्दांनी मला जो आनंद झाला, शाळेत शाबासकी मिळालेल्या पोरीसारखा, तो लपवायला मी उठून ओटा पुसायला गेले. ओटा आधीच पुसलेला होता.